युरोपात पुन्हा युद्ध होऊ शकते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: दोन महायुद्धांत होरपळल्यानंतर ज्या युरोपने सीमा खुल्या केल्या, समान चलन आणले आणि एकमेकांच्या देशांत शिकणारी, नोकऱ्या करणारी, लग्ने करणारी पिढी घडवली, त्या युरोपात पुन्हा नवे युद्ध पेटू शकेल का? की युक्रेनमधले युद्ध हा दुर्दैवी अपवाद समजून उरलेल्या खंडाविषयी निश्चिंत राहावे? मी पायदळात सेवा केली असून निवृत्तीनंतर सामरिक अभ्यास हा विषय शिकवतो. शस्त्रनियंत्रणाचे करार आणि त्यांची पडताळणी हा माझ्या अध्यापनाचा मुख्य भाग राहिला आहे. त्या आधारावर माझे मत आरंभीच सांगतो. पश्चिम आणि मध्य युरोपातील देशांचे आपसांत युद्ध होण्याची शक्यता मला जवळजवळ शून्य वाटते. रशिया आणि नाटोचा एखादा सदस्य देश यांच्यात मर्यादित सशस्त्र संघर्ष होण्याची शक्यता मात्र खरी आहे, आणि १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धानंतर ती इतकी कधीच नव्हती. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी कशी असू शकतात, हे समजून घेण्यासाठी युरोपातली शांतता नेमकी कशावर उभी होती, ते पाहावे लागते.

सर्वप्रथम एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. १९४५ नंतर युरोपात युद्ध झाले नाही, हे विधान इतक्या वेळा केले जाते की ते कोणी तपासूनही पाहत नाही. ग्रीसमधले यादवी युद्ध १९४९पर्यंत चालले. सोव्हिएत रणगाडे १९५६मध्ये बुडापेस्टमध्ये आणि ऑगस्ट १९६८मध्ये प्रागमध्ये शिरले. १९७४मध्ये तुर्कस्तानने सायप्रसच्या उत्तर भागात सैन्य उतरवले, आणि ते बेट आजही दुभंगलेलेच आहे. उत्तर आयर्लंडमधल्या तीन दशकांच्या हिंसाचाराने सुमारे साडेतीन हजार बळी घेतले. १९९१पासून युगोस्लाव्हिया फुटत गेला, तेव्हा एकट्या बॉस्नियात सुमारे एक लाख माणसे मेली, आणि जुलै १९९५मध्ये स्रेब्रेनित्सा येथे आठ हजारांहून अधिक पुरुष आणि मुलगे काही दिवसांत ठार करण्यात आले.

बॉस्नियाचा उल्लेख मी मुद्दाम थोडा विस्ताराने करतो, कारण प्रश्नात जो विश्वास व्यक्त झाला आहे, त्याची परीक्षा तिथे झाली होती. सारायेव्हो हे १९८४च्या हिवाळी ऑलिंपिकचे यजमान शहर. तिथे सर्ब, क्रोएट आणि बॉस्नियाक (बॉस्नियन मुस्लिम) कुटुंबे एकाच इमारतीत राहत, एकमेकांना सहज समजणारी भाषा बोलत, आणि त्यांच्यात मिश्र विवाह ही नित्याची गोष्ट होती. एवढे असूनही अवघ्या आठ वर्षांनी भोवतालच्या टेकड्यांवरून त्याच शहरावर तोफा डागल्या जाऊ लागल्या आणि तो वेढा जवळजवळ चार वर्षे टिकला. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे अधिकारी लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार हे मार्च १९९२मध्ये पूर्वीच्या युगोस्लाव्हियात गेलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या संरक्षक दलाचे पहिले सेनापती होते, आणि त्यांचे मुख्यालय प्रारंभी सारायेव्होतच होते. राखण्याजोगी शांतताच जिथे उरलेली नाही, तिथे शांतिसेना किती हतबल ठरते, हे त्या मोहिमेने जगाला दाखवले. सामान्य माणसांचे परस्परसंबंध कितीही घट्ट असले, तरी ज्या राज्यव्यवस्थेच्या आधारावर ते उभे असतात ती कोसळली, की प्रत्येक जण संरक्षणासाठी आपापल्या गटाकडे धावतो. म्हणून मिश्र विवाह, विद्यार्थ्यांची देवाणघेवाण आणि पर्यटन यांचे मोल मला मान्य असले, तरी ते युद्ध रोखणारे कारण आहे, असे मी मानत नाही.

मग फ्रान्स आणि जर्मनी यांच्यात युद्ध का होणार नाही? १८७० ते १९४५ या पंचाहत्तर वर्षांत हे दोन देश तीन वेळा लढले. आज त्यांच्यात युद्धाची कल्पनाही कोणी करत नाही, आणि त्याचे कारण राज्यकर्त्यांचे हृदयपरिवर्तन एवढेच नाही. ९ मे १९५० रोजी फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रॉबेर शुमान यांनी दोन्ही देशांचे कोळसा आणि पोलाद यांचे उत्पादन एका सामाईक अधिसत्तेखाली आणण्याचा प्रस्ताव मांडला, आणि त्यामुळे या दोन देशांतले युद्ध केवळ अकल्पनीयच नव्हे, तर भौतिकदृष्ट्या अशक्य होईल, असे त्यात स्पष्टपणे म्हटले. पुढच्या वर्षी पॅरिसमध्ये झालेल्या करारावर फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग या सहा देशांनी सह्या केल्या. या योजनेची खुबी अशी की, तोफा आणि रणगाडे ज्यापासून बनतात, तोच कच्चा माल कोणत्याही एका सरकारच्या मुठीत राहिला नाही. कोणी किती पोलाद तयार केले, हे दुसऱ्याला गुप्तहेर न पाठवताही कळू लागले. त्याच काळात पश्चिम जर्मनीचे नवे सैन्य उभे राहिले, ते स्वतंत्रपणे नव्हे, तर नाटोच्या एकत्रित लष्करी नेतृत्वाखाली. १९९०मध्ये जर्मनीचे एकीकरण झाले, तेव्हाही आपले सैन्य ३ लाख ७० हजारांपेक्षा मोठे ठेवणार नाही, अण्वस्त्रे बाळगणार नाही आणि पोलंडबरोबरची ओडर-नाइसे नद्यांवरची सीमा अंतिम मानली जाईल, असे जर्मनीने करारान्वये मान्य केले. म्हणजे विश्वास आधी निर्माण झाला आणि नंतर करार झाले, असा क्रम नव्हता. आधी पडताळता येईल असे बंधन आले, आणि ते पाळले जात आहे हे वर्षानुवर्षे दिसल्यावर त्यातून विश्वास आला.

यावर एक साहजिक आक्षेप घेतला जातो. व्यापार आणि परस्परावलंबन यांनी शांतता येत असेल, तर ब्रिटन आणि जर्मनी १९१४पूर्वी एकमेकांचे मोठे व्यापारी भागीदार असूनही का लढले, आणि रशियाचा नैसर्गिक वायू घेणाऱ्या युरोपला २०२२चे युद्ध का टाळता आले नाही? आक्षेप योग्य आहे, आणि त्याचे उत्तर परस्परावलंबनाच्या प्रकारात आहे. दोन भावांची विहीर सामाईक असते, पाण्याच्या पाळ्या दोघांनी बसून ठरवलेल्या असतात आणि मोटारीची दुरुस्तीही दोघांच्या खर्चाने होते, तेव्हा एकाने दुसऱ्याचे पाणी तोडणे म्हणजे स्वतःचेही शेत वाळवणे असते. शेजाऱ्याकडून पाण्याचा टँकर विकत घेणाऱ्याचे तसे नसते, कारण टँकर पाठवायचा की नाही, हे शेजारी एकटाच ठरवतो. कोळसा-पोलाद समुदाय हा पहिल्या प्रकारचा संबंध होता. रशिया आणि युरोप यांच्यातला वायूचा व्यवहार दुसऱ्या प्रकारचा होता. २०२१मध्ये युरोपीय संघाच्या आयात वायूपैकी सुमारे चाळीस टक्के वायू रशियातून येत होता, परंतु त्यावर कोणतीही संयुक्त अधिसत्ता नव्हती. बाल्टिक समुद्राखालून थेट जर्मनीला जाणारी पहिली नॉर्ड स्ट्रीम वाहिनी २०११मध्ये सुरू झाली आणि युक्रेनमधून जाणाऱ्या जुन्या वाहिन्यांचे महत्त्व घटत गेले. या वाहिनीने शांतता बळकट होईल, असे बर्लिनमध्ये मानले जात होते. प्रत्यक्षात तिच्यामुळे युक्रेनवर हल्ला करताना रशियाचे होणारे आर्थिक नुकसान कमी झाले, असे माझे ठाम मत आहे.

आता लष्करी बाजूकडे येतो, कारण सर्वसाधारण चर्चेत ती सर्वांत कमी समजली जाते. शीतयुद्धाच्या अखेरच्या पंधरा वर्षांत युरोपात करारांची एक संपूर्ण यंत्रणा उभी राहिली. १९७५मध्ये हेलसिंकी येथे ३५ देशांनी बळाच्या जोरावर सीमा न बदलण्याचे मान्य केले. १९८७च्या करारान्वये अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांनी ५०० ते ५,५०० किलोमीटर पल्ल्याची जमिनीवरून डागली जाणारी क्षेपणास्त्रे नष्ट केली. १९९०च्या पारंपरिक सैन्यविषयक कराराने नाटो आणि सोव्हिएत संघाच्या नेतृत्वाखालचा वॉर्सा गट या दोन्ही बाजूंना प्रत्येकी २० हजार रणगाडे, ३० हजार चिलखती वाहने, २० हजार तोफा, ६,८०० लढाऊ विमाने आणि २ हजार हल्लेखोर हेलिकॉप्टर अशी कमाल मर्यादा घातली, आणि त्यापुढे पन्नास हजारांहून अधिक शस्त्रे परस्परांच्या निरीक्षकांसमोर मोडीत काढली गेली. लष्करी हालचालींची माहिती परस्परांना देण्याविषयीच्या व्हिएन्ना दस्तऐवजानुसार ९ हजार किंवा त्याहून अधिक सैनिकांचा सराव असेल, तर ४२ दिवस आधी इतरांना कळवणे बंधनकारक झाले, आणि १३ हजारांच्या वरच्या सरावाला परदेशी निरीक्षक बोलावणे भाग पडले. खुल्या आकाशाच्या कराराने एकमेकांच्या भूभागावरून निःशस्त्र टेहळणी विमाने नेण्याची मुभा दिली.

सराव आधी कळवणे ही बाब कागदी औपचारिकता वाटण्याचा संभव आहे, परंतु भारतीय सैन्यातील माझ्या पिढीला तिचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. १९८६-८७च्या हिवाळ्यात राजस्थानात भारताचा ब्रासटॅक्स हा प्रचंड सराव चालू असताना पाकिस्तानने आपली राखीव दले हलवली आणि दोन्ही देश युद्धाच्या उंबरठ्यावर आले, ते कोणी युद्धाचा निर्णय घेतला होता म्हणून नव्हे. समोरचा सराव करतो आहे की हल्ल्याची तयारी, हे ओळखण्याचे साधन कोणाजवळच नव्हते. त्या अनुभवानंतर एप्रिल १९९१मध्ये उभय देशांनी लष्करी सरावांची पूर्वसूचना देण्याचा करार केला. दोन्ही देशांतले वैर कमी झाले नाही, तरी हा करार टिकून राहिला, आणि वैर असतानाही अशी बंधने उपयोगी पडतात, याचा हा आपल्या घरचा पुरावा आहे.

युरोपातली ही यंत्रणा एका दिवसात मोडली नाही. २००७मध्ये रशियाने पारंपरिक सैन्यविषयक कराराची अंमलबजावणी थांबवली आणि नोव्हेंबर २०२३मध्ये तो औपचारिकपणे बाहेर पडला. त्यावर नाटो देशांनीही तो करार स्थगित केला. मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचा करार ऑगस्ट २०१९मध्ये संपला. खुल्या आकाशाच्या करारातून अमेरिका नोव्हेंबर २०२०मध्ये आणि रशिया डिसेंबर २०२१मध्ये बाहेर पडला. दूर पल्ल्याच्या अण्वस्त्रांवरच्या करारातला सहभाग रशियाने फेब्रुवारी २०२३मध्ये स्थगित केला, आणि त्याची मुदतही फेब्रुवारी २०२६पर्यंतचीच होती. रशियाच्या शेजारची बाल्टिक राष्ट्रे, पोलंड आणि फिनलंड यांनी २०२५मध्ये भूसुरुंगबंदीच्या करारातून बाहेर पडण्याचा निर्णय घेतला. यातल्या प्रत्येक निर्णयामागे काही ना काही कारण दिले गेले आणि काही कारणे पटण्यासारखीही आहेत. परंतु सगळ्यांचा एकत्रित परिणाम असा झाला की, १९८५मधल्या सेनाधिकाऱ्याला पुढच्या काही वर्षांत समोरच्या बाजूविषयी जेवढी खात्रीशीर माहिती मिळू लागणार होती, तेवढी आजच्या अधिकाऱ्याला उपलब्ध नाही.

युक्रेनवरचे आक्रमण हे या मोडतोडीचे फलित आहे. १९९४च्या बुडापेस्ट निवेदनात युक्रेनने आपल्या भूमीवरची सुमारे १,९०० दूर पल्ल्याची सोव्हिएत अण्वस्त्रे सोडून दिली आणि बदल्यात रशिया, अमेरिका आणि ब्रिटन यांनी त्याच्या सीमांचा आदर करण्याचे आश्वासन दिले. ते आश्वासन मोडल्यास काय करायचे, याची कोणतीही ठोस तरतूद त्यात नव्हती. २००८मध्ये बुखारेस्टच्या बैठकीत नाटोने युक्रेन आणि जॉर्जिया कधी ना कधी सदस्य होतील असे जाहीर केले, पण कधी, कसे आणि तोवर त्यांचे रक्षण कोण करणार, हे काहीच ठरवले नाही. नाटोच्या विस्तारामुळेच हे युद्ध झाले, असे मत आपल्याकडे बरेच लोक मांडतात, आणि अमेरिकेचे ज्येष्ठ मुत्सद्दी जॉर्ज केनन यांनी १९९७मध्येच या विस्ताराविरुद्ध इशारा दिला होता, हेही खरे आहे. तरीही हे मत मला अपुरे वाटते. रशियाला डिवचण्याइतके मोठे, परंतु युक्रेनला वाचवण्यासाठी अपुरे असे अर्धे आश्वासन देणे, ही बुखारेस्टची चूक होती. हल्ला करण्याचा निर्णय मात्र संपूर्णपणे मॉस्कोचा होता. फिनलंड एप्रिल २०२३मध्ये नाटोत गेला आणि रशियाची नाटोबरोबरची सीमा एकाएकी सुमारे १,३४० किलोमीटरने वाढली, तेव्हा रशियाने फिनलंडवर हल्ला केला नाही, ही बाब विसरता कामा नये.

फेब्रुवारी २०२२पूर्वीचे आठवडे व्यावसायिक दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहेत. बेलारूसमधला संयुक्त सराव २० फेब्रुवारीला संपेल, असे जाहीर झाले होते. तो संपल्यावर सैन्य परतले नाही आणि चार दिवसांनी आक्रमण झाले. युक्रेनने व्हिएन्ना दस्तऐवजाखाली स्पष्टीकरण मागितले होते, ते मिळाले नाही. अमेरिका आणि ब्रिटन हल्ला होणार असे उघड सांगत असतानाही पॅरिस, बर्लिन आणि खुद्द कीव्हमधल्या पुष्कळांचा त्यावर विश्वास बसला नव्हता, कारण हा हल्ला रशियाच्याच हिताविरुद्ध आहे, असा त्यांचा तर्क होता. तो तर्क बरोबर होता. हल्ला खरोखरच रशियाला महाग पडला. सैन्यात मात्र शत्रूच्या शहाणपणावर भिस्त ठेवायला शिकवत नाहीत. तो काय करू शकतो, त्याची कुमक कुठवर आली आहे, फिरती रुग्णालये आणि रक्ताचा साठा पुढे सरकला आहे का, हे मोजायला शिकवतात. नुसत्या धमकीसाठी रणगाडे पुढे आणता येतात, पण टिकण्याची मुदत अगदी थोडी असलेले रक्त कोणी उगाच सीमेवर नेत नाही.

यापुढचा धोका कुठे आहे? रशिया मोठे सैन्य घेऊन पोलंड किंवा जर्मनीवर चालून जाईल, हे चित्र मला पटत नाही. रशियाची लोकसंख्या चौदा कोटींच्या आसपास आहे, युरोपीय संघाची सुमारे पंचेचाळीस कोटी, आणि दोघांच्या आर्थिक बळातला फरक त्याहूनही मोठा आहे. शिवाय युक्रेनच्या पूर्व भागात थोडी थोडी गावे घेण्यासाठी रशियाला जी मनुष्यहानी सोसावी लागली, ती पाहता दुसरी मोठी आघाडी उघडणे त्याला नजीकच्या काळात झेपणारे नाही. माझी चिंता छोट्या, मर्यादित आणि संदिग्ध हल्ल्याची आहे, ज्याचा उद्देश प्रदेश जिंकणे हा नसून नाटो खरोखर एकत्र उभी राहते का, हे तपासणे हा असेल.

त्यासाठी नकाशा पाहावा. एस्टोनियाच्या पूर्व टोकाला नार्वा हे शहर आहे. नदीपलीकडे रशियाचे इवानगोरोद आहे, आणि नार्वाच्या रहिवाशांपैकी फार मोठे बहुमत रशियन भाषकांचे आहे. दक्षिणेला पोलंड आणि लिथुआनिया यांची सुमारे शंभर किलोमीटरची सीमा आहे, जिला सुवाल्कीची पट्टी म्हणतात. तिच्या एका बाजूला रशियाचा कालिनिनग्राद प्रांत आणि दुसऱ्या बाजूला बेलारूस आहे. ही पट्टी बंद झाली, तर लिथुआनिया, लाटव्हिया आणि एस्टोनिया यांच्याकडे जमिनीवरून कुमक जाऊ शकत नाही. यात रेल्वेचाही एक प्रश्न आहे, जो आपल्याकडच्या मीटरगेज-ब्रॉडगेजच्या अनुभवामुळे मराठी वाचकाला लगेच उमजेल. या तिन्ही देशांतले बहुतेक रूळ जुन्या रशियन मापाचे, म्हणजे १,५२० मिलिमीटर रुंदीचे आहेत, तर पोलंड आणि जर्मनीचे १,४३५ मिलिमीटरचे. परिणामी रशियाकडून येणारी गाडी थेट येऊ शकते आणि मित्रदेशांच्या रणगाड्यांना सीमेवर गाडी बदलावी लागते. युरोपीय मापाचा रेल बाल्टिका मार्ग बांधला जात आहे, पण तो या दशकाच्या अखेरीपर्यंत तरी पूर्ण होण्याची चिन्हे नाहीत.

या भागात २०१७पासून नाटोची छोटी बहुराष्ट्रीय दले तैनात आहेत, आणि जर्मनी लिथुआनियात सुमारे ५ हजारांची एक ब्रिगेड कायमची ठेवत आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन सैन्य असे कायमचे परदेशात ठेवले जाण्याची ही पहिलीच वेळ आहे. २०२५च्या हेग बैठकीत सदस्य देशांनी २०३५पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या पाच टक्के रक्कम संरक्षण आणि त्याच्याशी निगडित कामांवर खर्च करण्याचे ठरवले. ही पावले योग्य आहेत, परंतु पैशाचा दारूगोळा होण्यास वर्षे लागतात, आणि मधला काळ हाच सर्वांत नाजूक असतो.

नाटो कराराचे कलम ५ म्हणजे एकावरचा हल्ला हा सर्वांवरचा हल्ला, एवढे सर्वांना माहीत असते. त्याचा मजकूर मात्र बारकाईने वाचला पाहिजे. प्रत्येक सदस्य आपल्याला आवश्यक वाटेल ती कृती करील, असे तिथे म्हटले आहे. ती कृती सशस्त्रच असली पाहिजे, असे नाही. आजवर हे कलम एकदाच, अमेरिकेवरच्या ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यानंतर, लागू झाले. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनीच या बांधिलकीविषयी जाहीरपणे शंका निर्माण करणारी विधाने केल्यावर, हल्ला कितीही लहान असला तरी सगळे धावून येतील, हा समज डळमळीत होतो. सप्टेंबर २०२५मध्ये एका रात्रीत सुमारे वीस रशियन ड्रोन पोलंडच्या हद्दीत शिरली आणि त्यांतली काही नाटोच्या विमानांनी पाडली. त्याच महिन्यात तीन रशियन मिग-३१ विमाने एस्टोनियाच्या हवाई हद्दीत सुमारे बारा मिनिटे होती. बाल्टिक समुद्राच्या तळावरच्या विजेच्या आणि दूरसंचाराच्या केबल, तसेच ऑक्टोबर २०२३मध्ये एक वायुवाहिनी, जहाजांचे नांगर घासून तुटल्या. या घटनांपैकी प्रत्येक जाणूनबुजून घडवली गेली, असे मी म्हणणार नाही. अशा एखाद्या प्रसंगी शेपन्नास माणसे मेली आणि तासाभरात निर्णय घेण्याची वेळ आली, तर दोन्ही बाजूंकडे एकमेकांना विचारण्याचे विश्वसनीय मार्ग फारच थोडे उरले आहेत, हा खरा प्रश्न आहे.

अण्वस्त्रांमुळे असे काही घडणारच नाही, हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकतो. अण्वस्त्रांमुळे संपूर्ण युद्ध टळते, हे मला मान्य आहे. मर्यादित युद्ध टळते, हे मात्र नाही. मे १९९८मध्ये भारत आणि पाकिस्तान या दोघांनी अणुचाचण्या केल्या आणि वर्षभरात कारगिलचे युद्ध झाले. पाकिस्तानच्या सेनानायकांनी असा हिशेब केला होता की, अण्वस्त्रांच्या भीतीने भारत मोठे प्रत्युत्तर देणार नाही आणि बळकावलेली शिखरे पदरात पडतील. तो हिशेब चुकला, परंतु चुकला हे सिद्ध होईपर्यंत आपले पाचशेहून अधिक जवान कामी आले होते. नार्वा किंवा सुवाल्कीविषयी असाच हिशेब एखाद्या कार्यालयात मांडला जाणे अशक्य आहे, असे मला म्हणता येत नाही.

बाल्कन प्रदेशाबद्दल थोडक्यात सांगतो. बॉस्नियात १९९५च्या डेटन कराराने लढाई थांबली, पण त्या कराराने निर्माण केलेली राज्यरचना बॉस्नियातल्याच सर्ब प्रजासत्ताक या स्वायत्त भागाच्या नेत्यांनी वारंवार आव्हान द्यावी, अशीच आहे. कोसोव्होच्या उत्तर भागात सप्टेंबर २०२३मध्ये बान्स्का येथे सशस्त्र टोळी आणि पोलीस यांच्यात चकमक झाली. मात्र दोन्ही ठिकाणी परदेशी दले तैनात आहेत, आणि ती तिथे आहेत तोवर मोठे युद्ध पेटेल असे मला वाटत नाही.

युक्रेनमधली लढाई थांबल्यावर काय होईल, हा यापुढचा निर्णायक मुद्दा आहे, आणि त्याविषयी दोन जुनी उदाहरणे उपयोगी पडतात. पूर्व युक्रेनमधली लढाई थांबवण्यासाठी मिन्स्कमध्ये सप्टेंबर २०१४ आणि फेब्रुवारी २०१५मध्ये झालेल्या करारांवर देखरेख करण्यासाठी युरोपीय सुरक्षा आणि सहकार्य संघटनेचे निःशस्त्र निरीक्षक होते. ते उल्लंघने नोंदवत, पण थांबवू शकत नसत. दोन्ही सैन्यांना पुरेसे दूर ठेवणारा, कोणाच्या तरी ताब्यातला पट्टा तिथे कधीच निर्माण झाला नाही. याउलट सायप्रसमध्ये १९६४पासून संयुक्त राष्ट्रांचे सशस्त्र दल आहे, ज्याचे सेनापतिपद आपल्या जनरल थिमय्यांनीही भूषवले आणि डिसेंबर १९६५मध्ये त्या पदावर असतानाच त्यांचे तिथे निधन झाले. त्या दलाला १९७४चे आक्रमण रोखता आले नाही, हे मान्य करावेच लागते. परंतु त्यानंतर दोन सैन्यांमधला पट्टा त्याने सांभाळला, आणि राजकीय तोडगा न निघताही पन्नास वर्षे तिथे पुन्हा युद्ध पेटलेले नाही. युक्रेनमधली शस्त्रसंधी मिन्स्कच्या नमुन्याची झाली, तर पाच-सात वर्षांत, अधिक तयारीनिशी, दुसरे युद्ध होण्याची शक्यता मी निम्म्याहून अधिक धरीन. तिच्यामागे पुरेसे सैन्य, स्पष्ट रेषा आणि उल्लंघनाला ठरलेले प्रत्युत्तर असेल, तर सायप्रससारखी अपूर्ण पण टिकाऊ स्थिती येऊ शकते.

ज्यांना या विषयावर स्वतः लक्ष ठेवायचे आहे, त्यांनी नेत्यांच्या भाषणांपेक्षा सरावांकडे पाहावे, असा सल्ला मी विद्यार्थ्यांना देतो. रशिया आणि बेलारूस यांचा झापाद हा सराव साधारणपणे चार वर्षांनी होतो. सप्टेंबर २०२५च्या सरावाला बेलारूसने परदेशी निरीक्षक बोलावले, आणि त्यांत अमेरिकेचे लष्करी अधिकारीही होते. एका सरावावरून फार मोठा निष्कर्ष काढणे योग्य नाही, आणि पाहुण्यांना काय दाखवायचे, हे यजमानानेच ठरवले असणार. पण बेचाळीस दिवसांची पूर्वसूचना, परस्परांच्या निरीक्षकांची उपस्थिती आणि मोजता येणाऱ्या मर्यादा या तीन गोष्टी पुन्हा नियमाने सुरू झाल्या, तर मी या उत्तराच्या आरंभी मांडलेला अंदाज बदलायला तयार आहे.